तालमीचे ऋण

शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर यायचे असले, की त्या दिवशी कोल्हापुरात दुसरा विषय नसतो. वृद्ध आजोबांपासून शाळकरी नातवापर्यंत सारे आपापल्या पेठेच्या बाजूने उभे राहतात. क्रिकेटवेड्या देशात फुटबॉलवर असा जीव टाकणारी शहरे मोजकीच.

येथील संघांची नावे पाहा : पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम. ज्या तांबड्या मातीत पेठेचा मुलगा शरीर कमावत असे, तिच्याच कुशीत हा परदेशी खेळ रुजला. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला; १९४० मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनने मैदानी खेळांना शिस्तीची चौकट दिली. तालमीत वस्तादाचा शब्द अखेरचा असे, आणि हरलेला मल्ल जिंकणाऱ्याला आलिंगन देई.

तो संस्कार आज कोठे गेला? समर्थकांच्या हाणामारीने सामने थांबावेत, मैदानाला पोलिसांचा वेढा पडावा, हे पेठेचे भूषण नव्हे. चषकासाठी परदेशी खेळाडूंवर वर्गणीचा पैसा खर्च होतो, आणि गल्लीतला गुणी मुलगा राखीव बाकावर बसतो. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव आपल्या कोल्हापूरचा. पण घडण्यासाठी त्याला पुणे गाठावे लागले.

आइसलँड या देशाची लोकसंख्या कोल्हापूर शहराहूनही कमी. तरी त्याने २०१६ च्या युरो स्पर्धेत इंग्लंडला नमविले आणि २०१८ मध्ये विश्वचषक गाठला. तेथे लहान गावांतही क्रीडामंडळ असते. त्यांनी बंदिस्त मैदाने उभारली आणि कोवळ्या वयातील मुलांच्या हाती प्रशिक्षित मार्गदर्शक दिले. यामागे जादू नव्हती. वर्षानुवर्षांचे नियोजन होते.

आपल्याकडे मंडळे आहेत, वर्गणी आहे, प्रेम तर ओसंडून वाहते. उणीव आहे ती वस्तादाची. प्रत्येक तालमीने वर्गणीतला ठराविक वाटा दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी आणि एका प्रशिक्षित मार्गदर्शकासाठी राखून ठेवावा. चषक कपाटात राहतो, घडलेला मुलगा मात्र पेठेचे नाव दूरवर नेतो. तालमीचे ऋण फेडण्याचा याहून सरळ मार्ग कोणता?