बस थांबली की पिग्मी थांबते



सीमाप्रश्नावर अधिकाराने बोलणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मी बी.कॉम. झालेला बँकेतला कारकून. बेळगावच्या बाजारपेठेत काउंटरवर बसून माझी वीस वर्षे गेली. तिथून जे दिसते तेवढेच मांडतो.

बाजाराची नाडी कळायला मला मोठे आकडे लागत नाहीत. पिग्मी एजंट दिवसाचा भरणा घेऊन येतो, त्यावरून कळते. कापडवाला, भांडीवाला, चहाचा गाडा, चप्पल शिवणारा. रोज 50-100 रुपये बाजूला टाकणारी ही माणसे. फेब्रुवारी 2025 मध्ये कंडक्टरला झालेल्या मारहाणीवरून वातावरण तापले आणि दोन्ही राज्यांच्या बसेस काही दिवस सीमेपलीकडे जाईनाशा झाल्या. त्या दिवसांत आमचा एजंट हलकी पिशवी घेऊन यायचा. "गिऱ्हाईकच नाही, पुढच्या आठवड्यात बघू म्हणतात," एवढेच सांगायचा.

कारण उघड आहे. चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्यात असला तरी तिथल्या माणसाला कोल्हापूर लांब आणि बेळगाव जवळ. लग्नाचा बस्ता, सोने, दवाखाना, मुलांचे कॉलेज, सगळ्याला तो बेळगावात येतो. त्याची रताळी आपल्या मार्केट यार्डात उतरतात. उलट आपली पोरे सकाळी डबा घेऊन शिनोळीच्या कारखान्यांत जातात. उद्यमबाग आणि मच्छेच्या फौंड्रींचा माल कोल्हापूर-पुण्याकडे जातो. नकाशावर रेघ आहे, पण गणपत गल्लीच्या गल्ल्यात ती कधीच नव्हती.

म्हणून बस कोणीही थांबवो, तोटा मात्र आपल्याच गल्लीत येतो. 6 डिसेंबर 2022 रोजी हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले आणि एसटी बंद झाली. 14 डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत समोरासमोर बसवले. प्रत्येक राज्याचे तीन, असे सहा मंत्री बसून रोजच्या अडचणी सोडवतील असे ठरले. तरीही सव्वादोन वर्षांत बस पुन्हा थांबलीच. मग त्या ठरावाचा उपयोग काय झाला, हे आपण दोन्ही सरकारांना विचारले का?

काहीजण म्हणतील, अस्मितेचा प्रश्न असताना हा धंद्याचे काय घेऊन बसला! त्यांना माझे एकच सांगणे आहे. या बाजारात मराठी अजून चालते, कारण गिऱ्हाईक मराठी आहे. चंदगडचा माणूस यायचा थांबला तर पाटीवरची भाषा राहील, पण दुकानातले बोलणे जाईल. आजच माझ्या काउंटरवर कितीतरी म्हातारे आईबाप पुण्याहून मुलाने पाठवलेले पैसे काढायला येतात. बाजार आणखी सुकला तर उरलेली पोरेही जातील. महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागेल तेव्हा तो ऐकायला इथे मराठी माणूस असायला हवा की नको?

1 नोव्हेंबरला आपण काळा दिवस पाळतो, दुकाने बंद ठेवतो. तो तोटा आपण समजून-उमजून पत्करलेला असतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बस बंद होते तेव्हा कोणी आपल्याला विचारत नाही. आपणहून केलेला त्याग आणि दुसऱ्याने खिशात घातलेला हात, यांत फरक आहे.

संघटनेला माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, यापुढच्या प्रत्येक निवेदनात एक कलम कायम असावे: गुन्हा जिथे घडेल तिथे गुन्हेगाराला पकडा, पण आंतरराज्य बस थांबवू नका, लागल्यास पोलीस बंदोबस्तात चालवा. दुसरी, ही शिस्त आपल्यालाही लागू असावी. कंडक्टर कानडी असो की मराठी, तो पोटासाठी ड्युटीवर असतो. त्याच्या अंगावर आपल्यापैकी कोणाचा हात जाता कामा नये आणि गेलाच तर संघटनेने तो झाकू नये. तिसरी, बस बंद पडली की गल्लीगल्लीतल्या दुकानदारांकडून रोजच्या नुकसानीची नोंद घ्यावी. मंत्र्यांपुढे घोषणा वाऱ्यावर जातात. हिशेबाची वही टेबलावर ठेवली की निदान ती उघडून बघावी लागते.

वही संघटनेने घालावी. रविवारी बसून बेरीज करून द्यायचे काम माझे.

जय महाराष्ट्र!