यंत्र तासांत सुरू, बिल मात्र महिनोन्महिने पडून

चाकण आणि तळेगाव या दोन औद्योगिक पट्ट्यांच्या मधोमध सुदुंबरे (ता. मावळ) वसले आहे. संत संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीस्थळामुळे ओळखल्या जाणाऱ्या या गावाच्या दोन्ही अंगांना गेल्या अडीच-तीन दशकांत कारखान्यांची दाटी झाली. तळेगावला २००८ मध्ये जनरल मोटर्सचा प्रकल्प आला, २०२० च्या अखेरीस तेथील उत्पादन थांबले आणि पुढे तो ह्युंदाईकडे गेला. कारखान्यांवरील पाट्या अशा बदलल्या. यंत्रांचे सुटे भाग घडविणाऱ्या लहान कार्यशाळांची विवंचना मात्र बदललेली नाही.

एखादा शाफ्ट तुटला वा गिअरचे दात झिजले, की उत्पादन ठप्प होते. मूळ भाग परदेशातून येण्यास आठवडे लागतात. जुन्या यंत्राचा भाग अनेकदा मिळतच नाही. मग तुटका नमुना लेथवाल्याकडे येतो. झिजलेल्या तुकड्यावरून मूळ माप ताडणे, ईएन-८ पोलाद पुरेल की ईएन-२४ लागेल हे ठरविणे, हार्डनिंगमध्ये माप हलणार हे जाणून ग्राइंडिंगसाठी जादा धातू राखणे, हे सारे त्याच्या अनुभवावर अवलंबून असते. नग एकच, तो बिघडला तर पोलाद आणि मजुरी दोन्ही पाण्यात.

एवढी जोखीम घेणाऱ्याला पैसे कधी मिळतात, हा कळीचा प्रश्न आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांची देयके २००६ च्या कायद्यानुसार लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत चुकती करावी लागतात. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. मुदतीत न दिलेल्या रकमेची प्राप्तिकरातील वजावट ती प्रत्यक्ष दिल्याखेरीज मिळणार नाही, अशी तरतूदही २०२३ मध्ये झाली. तरीही तक्रार करण्यास कार्यशाळा धजावत नाहीत. दोन-तीन ग्राहकांवर चालणाऱ्याला त्यातला एक गमावणे परवडत नाही.

याहून मोठी अडचण कागदाची आहे. यंत्र बंद पडले की देखभाल विभाग फोनवरच काम सांगतो. खरेदी आदेश नंतर निघतो, आणि बिलाची तारीख त्या आदेशाला बांधली जाते. कायदा मात्र दिवस मोजतो ते माल स्वीकारल्यापासून. पंधरा दिवसांत लेखी हरकत न आल्यास माल पोहोचल्याचा दिवसच स्वीकृतीचा मानला जातो. म्हणून पोहोच झाल्याचा शिक्का आणि तारीख असलेले चलन हे लहान कारखानदाराचे पहिले संरक्षण ठरते. तातडीच्या कामासाठी त्याच दिवशी ई-मेलवर आदेश देण्याची शिस्त मोठ्या कारखान्यांनी स्वतःहून लावून घेतली, तर कायद्याचा बडगा उगारण्याची वेळच येणार नाही. रात्रीत भाग मागणाऱ्याला दिवसा एक कागद देणे जड जाऊ नये.