ब्रेक नसलेली शर्यत

बालमित्रांनो, तुमच्या शाळेच्या मैदानावर मुरूम टाकलेला आहे ना? आपल्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझ्या जिभेला अजून सवय व्हायची आहे) बहुतेक शाळांत असतोच. आणि जिथे मुरूम असतो तिथे एक पठ्ठ्या हमखास असतो. तो लांबून सायकल दामटत आणतो, मागचा ब्रेक आवळतो, डावा पाय जमिनीला टेकवतो आणि सायकल गर्रकन आडवी फिरवतो. धुळीचा लोट उठतो. बाकीचे टाळ्या पिटतात, पी.टी.चे सर शिट्टी फुंकतात. घरी गेल्यावर आई विचारते, "डाव्याच पायाची चप्पल कशी रे झिजते तुझी?"

तर त्या आईला आज ही हकीकत वाचून दाखवा. जगात असे स्वार आहेत, की ज्यांच्या डाव्या बुटाखाली चक्क पोलादाचा तळ बांधलेला असतो. साधा बूट चार दिवससुद्धा टिकणार नाही म्हणून! हे स्वार मोटारसायकलवर बसून तुमच्या त्या पठ्ठ्याचंच काम करतात. फरक एवढाच, की त्यांच्या गाडीला ब्रेकच नसतो. पुढे नाही, मागेही नाही. या खेळाचं नाव स्पीडवे.

लंबगोल मैदान, एक फेरी साधारण अडीचशे ते चारशे मीटरची. जमिनीवर डांबर नाही, दगडाचा किंवा विटांचा भुगा, म्हणजे आपल्या मुरमाचा भाऊच. चार स्वार, चार फेऱ्या, सगळी वळणं डावीकडे. एका मिनिटाच्या आसपास शर्यत खलास. गाडी 500 सीसीची, पण गिअर एकच. गिअर बदलायची भानगड नाही म्हटल्यावर तुमच्या आजोबांना लूना आठवेल. लूना बनवणाऱ्या कायनेटिकचा कारखाना आपल्या नगरलाच. पण लूनावर बसून आजोबा भाजी आणायला जायचे, आणि हे स्वार सरळ पट्ट्यात ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जातात.

"मग ब्रेक नाही तर वळतात कसे?" हाच तर खरा प्रश्न. वळण आलं की आपण वेग कमी करतो. हा स्वार मात्र वेगाची मूठ पिळतो. मागचं चाक जोरात गरगरतं, भुग्यावरची पकड सोडतं आणि बाहेरच्या बाजूला घसरायला लागतं. गाडीचं तोंड मैदानाच्या आत वळतं. आता ती पार फिरून स्वाराला फेकून देऊ नये, म्हणून तो हँडल उजवीकडे धरतो. म्हणजे वळायचं डावीकडे आणि पुढचं चाक उजवीकडे! डावा पाय जमिनीवरून घासत तोल सांभाळतो. घसरणं म्हणजे आपल्याला अपघात वाटतो, इथे घसरणं हेच वळणं आहे. किती घसरायचं, हे उजव्या हाताची मूठ ठरवते.

ब्रेक नसण्यामागेही हिशेब आहे. चौघं एकमेकांना खेटून वळणात शिरतात. पुढच्याने एकदम ब्रेक दाबला, तर मागचे तिघे त्याच्या अंगावर जाणार. ब्रेकच नसेल तर तसं कोणी करू शकत नाही. शिवाय स्वाराच्या उजव्या मनगटाला एक दोरी बांधलेली असते. तो गाडीवरून पडला की दोरी ओढली जाते आणि इंजिन बंद पडतं.

इंधनाचंही सांगतो, कारण ते आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना चटकन कळेल. उसाच्या मळीपासून आपल्याकडचे कारखाने अल्कोहोल बनवतात. त्याला इथेनॉल म्हणतात. स्पीडवेच्या गाडीत त्याचं सख्खं भावंड मिथेनॉल जळतं. ते इंजिन थंड ठेवतं, पण भावंड मोठं दुष्ट आहे. पोटात गेलं तर माणूस आंधळा होतो, मरतोही. आणि त्याची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही. म्हणून पालकहो, काळजी नसावी, हा खेळ घरी करून बघण्यासारखा मुळीच नाही.

मग करण्यासारखं काय आहे? पेन्सिल घेऊन बसणं! ज्या देशांत हा खेळ रुजलाय तिथे प्रेक्षक पेन्सिल घेऊन मैदानावर जातात. हातात छापील तक्ता. पहिल्याला 3 गुण, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1, चौथ्याला भोपळा. चार स्वारांच्या शिरस्त्राणांचे रंग वेगळे, त्यामुळे धुळीतही कोण कुठे आहे ते कळतं. प्रत्येक शर्यत संपली की सगळ्यांच्या माना खाली, आकडे लिहायला.

जुन्या पद्धतीच्या स्पर्धेत सोळा स्वार असत. प्रत्येक जण पाच शर्यती धावायचा आणि तेवढ्यात उरलेल्या पंधराही जणांशी एकेकदा भिडायचा, कोणाशीही दोनदा नाही. आता वही काढा. एकूण शर्यती किती होतील? सोळा पंचे ऐंशी, भागिले चार, वीस. पण कोण कोणाशी कितव्या शर्यतीत, हा तक्ता बनवून पाहा. सोपा वाटतो, पण तास दोन तास जातील. मी बसलो होतो, दोन खोडरबर संपले.

असा हिशेब ठेवणारी माणसं आपल्याकडे नाहीत असं समजू नका. पारनेर-श्रीगोंद्याकडे बैलगाड्यांच्या घाटावर जाऊन बघा. कोणत्या गावच्या कोणत्या बैलाने किती सेकंदांत घाट मारला, हे तोंडपाठ सांगणारे आजोबा भेटतील. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली आणि 2021 च्या डिसेंबरात त्या पुन्हा सुरू झाल्या. मधली सात वर्षं त्या आजोबांनी आठवणींवर काढली. घाटाच्या शर्यतीत माणसं बैलाच्या मागे वेडी होतात, स्पीडवेत स्वाराच्या. वेड तेच.

आता आपल्या तक्त्यात कोणाकोणाची नावं लिहायची ते सांगतो.

हा खेळ नावारूपाला आला तो ऑस्ट्रेलियात, 1923 साली, वेस्ट मेटलंड गावी. जागा कुठली? कृषी प्रदर्शनाचं मैदान! 1928 मध्ये तो इंग्लंडला पोचला आणि 1936 मध्ये लंडनच्या वेम्बलीत पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. ती लायोनेल व्हॅन प्राग या ऑस्ट्रेलियनाने जिंकली. पुढे दुसऱ्या महायुद्धात तो विमानदलात गेला. 1942 मध्ये त्याचं विमान समुद्रात पाडलं गेलं, तेव्हा त्याने आणि एका साथीदाराने दोन जखमी सोबत्यांना शार्क माशांच्या पाण्यातून तासन् तास पोहत वाचवलं. त्याबद्दल त्याला जॉर्ज पदक मिळालं.

माझा आवडता मात्र आयव्हन मेजर, न्यूझीलंडचा. 1957 साली, अवघ्या सतरा-अठराव्या वर्षी, तो नशीब काढायला इंग्लंडला आला. विम्बल्डनच्या संघात जागा मिळेना, म्हणून मैदानावर पडेल ती कामं केली. शेवटी हात हलवत घरी परतला. दुसरा कोणी असता तर गाडी विकून मोकळा झाला असता. हा 1963 मध्ये पुन्हा आला, न्यूकॅसल संघाकडून धावला, आणि 1968, 1969, 1970 अशी लागोपाठ तीन वर्षं जगज्जेता झाला. तिसरं अजिंक्यपद जिंकल्यावर त्याच्या गाडीला खरोखर सोन्याचा मुलामा दिला गेला. 1972, 1977 आणि 1979 धरून त्याची एकूण सहा अजिंक्यपदं झाली. 2018 मध्ये तो वारला.

या मेजरला एकदा अशा माणसाने हरवलं, की ज्याच्याकडे विजेता म्हणून कोणी पाहत नव्हतं. 2 सप्टेंबर 1973, पोलंडमधलं होझुफ शहर, लाखाच्या वर प्रेक्षक. वीस शर्यती संपल्या तेव्हा मेजर आणि पोलंडचा येझी श्चाकेल या दोघांचेही गुण 13. मग फक्त दोघांची निर्णायक शर्यत. श्चाकेल पुढे, मेजर मागे. मेजरने ओलांडायचा प्रयत्न केला आणि तो कोसळला! पोलंडला पहिला जगज्जेता मिळाला. दुसरा मिळायला मात्र 37 वर्षं लागली. मला वाटतं, त्या दिवशी वडिलांच्या खांद्यावर बसून शर्यत पाहिलेली पोरं तोवर स्वतः बाप झाली असतील.

पण हे सगळं इतकं गोड नाही. तेही सांगायला हवं, नाहीतर ती लबाडी होईल. एरिक गुंडरसन हा डेन्मार्कचा तीन वेळचा जगज्जेता. त्याची आणि त्याच्याच देशाच्या हान्स नीलसनची चुरस 1980 च्या दशकात लोक श्वास रोखून पाहत. 17 सप्टेंबर 1989 रोजी इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला सांघिक स्पर्धेची अंतिम लढत होती. पहिल्याच शर्यतीत गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि गुंडरसन जबर जखमी झाला. तो जगला, पुन्हा चालायला शिकला, पुढे डेन्मार्कच्या संघाची सूत्रंही त्याने सांभाळली. पण शर्यतीत तो परत कधीच उतरला नाही. त्या दिवशी कितीतरी प्रेक्षकांच्या तक्त्यांत त्याच्या नावापुढच्या चौकटी कोऱ्याच राहिल्या असणार. मला त्या कोऱ्या चौकटी सारख्या डोळ्यांपुढे येतात.

जरा थंड हवेत जाऊ. आपल्याकडे बर्फ म्हणजे गोळ्यावाल्याच्या गाडीवरचा. रशियात आणि स्वीडनमध्ये गोठलेल्या मैदानावर याच खेळाचा बर्फावरचा अवतार चालतो. चाकांना शेकडो पोलादी खिळे, प्रत्येक जवळजवळ इंचभर लांब. इथे गाडी घसरत नाही, खिळे बर्फात घुसतात. त्यामुळे स्वार गाडी इतकी आडवी करतो, की हँडलचं डावं टोक बर्फाला टेकायला येतं. ब्रेक इथेही नाहीत. 1966 साली बर्फावरची पहिली जागतिक स्पर्धा झाली. ती जिंकली गब्द्रखमान कादिरोवने, आणि 1973 पर्यंत त्याने सहा अजिंक्यपदं मिळवली. हा विक्रम निकोलाय क्रास्निकोवने मोडला. त्याने 2005 ते 2012 सलग आठ वर्षं कोणाला जवळ फिरकू दिलं नाही.

आणि आता आजचा हिरो. पोलंडचा दुसरा जगज्जेता तोमाश गोलोब. 2010 मध्ये जिंकला तेव्हा त्याचं वय 39. पुढच्याच वर्षी गोझुफ शहराच्या त्याच्या संघात सोळा वर्षांचं एक पोर आलं, बार्तोश झ्मार्झलिक. (हे नाव तीनदा भरभर म्हणून दाखवा!) गोलोबच्या शेजारी राहून तो शिकला. 2017 मध्ये मोटोक्रॉसच्या मैदानावर गोलोबला अपघात झाला, मणक्याला मार बसला आणि तो चाकाच्या खुर्चीवर आला. दोन वर्षांनी झ्मार्झलिक जगज्जेता झाला. मग 2020, 2022, 2023, 2024.

यातल्या 2023 ची गंमत तर तुम्हाला भारीच आवडेल. डेन्मार्कमध्ये व्होयेन्सला पात्रता फेरीत तो नियमातला गणवेश न घालता, दुसराच पोशाख घालून उतरला. पंचांनी त्याला सरळ बाद केलं! पूर्ण दिवस बसून राहावं लागलं आणि त्याची मोठी आघाडी सहा गुणांवर आली. गणवेश विसरल्यावर वर्गाबाहेर उभं राहणाऱ्यांना त्याचं दुःख कळेल. शेवटची स्पर्धा जिंकून देईल की नाही अशी धाकधूक होती, पण अजिंक्यपद त्यानेच राखलं.

2025 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ब्रेडी कर्ट्झने त्याला घाम फोडला. कर्ट्झने मोसमातल्या शेवटच्या पाच स्पर्धा लागोपाठ जिंकल्या, पाचही! तरी बेरीज केली तेव्हा झ्मार्झलिक पुढे. कितीने? एका गुणाने.

म्हणजे 2025 अखेर तक्ता असा आहे: आयव्हन मेजर सहा, स्वीडनचा टोनी रिकार्डसन सहा, बार्तोश झ्मार्झलिक सहा. वहीच्या पानावर तिघांची नावं लिहा, आणि झ्मार्झलिकच्या ओळीत आणखी एक चौकट आखून ठेवा. पेन्सिलनेच आखा. कर्ट्झ काही गप्प बसणारा नाही.