जोड लागल्याशिवाय कुस्ती नाही

कुस्तीचा निम्मा निकाल मातीत लागतो, निम्मा जोड लावताना. गावच्या जत्रेतलं मैदान ज्यांनी बघितलंय त्यांना हे सांगायला नको. पंच दोन पोरं शेजारी शेजारी उभी करतात, उंची, मान, खांदे बघतात, वस्तादांकडे नजर टाकतात आणि पटलं तरच हलगी वाजते. नाही पटलं तर ‘जोड होत नाही’ म्हणून दोघांना परत पाठवतात. कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. अजून एक गोष्ट तिथं होत नाही. हलक्या पोराच्या हातात काठी देऊन ‘आता झाली बरोबरी, लढ त्या जडाशी’ असं कुणी म्हणत नाही.

ऑनलाइन युद्धखेळ बनवणाऱ्या कंपन्या गेली वीसेक वर्षं ही काठीच वाटत आल्यात. माझं भांडण त्याच्याशी आहे.

ज्यांनी हे खेळ खेळले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोबाइलवर पोरं बीजीएमआय खेळतात तेव्हा प्रत्येक डावाला नवे शंभर जण बेटावर उतरतात. डाव संपला की विषय संपला. मी ज्यांच्याबद्दल बोलतोय ते खेळ वेगळे. तिथं हजारो लोक एकाच जगात महिनोन्‌महिने राहतात आणि सुरुवातीलाच एक बाजू निवडतात. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये (२००४) अलायन्स किंवा होर्ड. ‘प्लॅनेटसाइड २’मध्ये (२०१२) तीन सैन्यं. बाजू तुम्ही निवडता, मित्र निवडतात, अनोळखी माणसं निवडतात. कुठल्या बाजूला किती माणसं झाली, हे बघायला तिथं पंच नसतो.

खेळाडू आपसात भांडतात ते शस्त्रांवरून. यांची तलवार जास्त लागते, त्यांची जादू लवकर परत येते. हे भांडण खोटं नाही, पण दुय्यम आहे. तलवार पाच टक्क्यांनी बोथट केली तर फरक पडतो पाच टक्क्यांचा. समोर दुप्पट माणसं असतील तर तलवारीचा हिशोब करायला तुम्ही जिवंतच राहत नाही.

शिवाय हा असमतोल स्वतःच स्वतःला खत घालतो. एका बाजूला थोडी माणसं जास्त झाली की ती बाजू जास्त जिंकते. जिंकते म्हणून नवा माणूस तिकडेच जातो. हरणाऱ्यांतले काही खेळ सोडतात, काही बाजू सोडतात, आणि उरलेल्यांना उद्याचा दिवस आजच्याहून वाईट जातो. २०१९ साली ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक’ आलं तेव्हा मुद्दाम लढाईसाठीचे सर्व्हर काढले होते. दोन-तीन वर्षांत त्यातल्या बऱ्याच सर्व्हरवर जवळजवळ एकच बाजू उरली. नाव युद्धाचं, आणि शत्रूच गावात नाही. रिकाम्या आखाड्यात एकट्यानं शड्डू ठोकण्यासारखं.

इथं कंपनीचा गल्ला मध्ये येतो. आपलं पात्र दुसऱ्या सर्व्हरवर न्यायला पैसे पडतात. २००९पासून बाजू बदलायलाही पैसे देऊन सोय आहे. म्हणजे असमतोल जितका वाढेल तितकी त्यातून पळायची तिकिटं खपणार. आजार वाढला की औषधाचा धंदा वाढतो, आणि दुकान एकाच मालकाचं. मुद्दाम कुणी आजार पसरवतं असं मी म्हणत नाही. पण बरा करायची घाई कुणाला का नसते, ते यातून कळतं.

मग उपाय म्हणून काठी येते. ‘विंटरग्रास्प’च्या लढाईत कमी माणसांच्या बाजूला ‘टेनॅसिटी’ नावाचं बळ मिळायचं. आयुष्य वाढतं, वार जड होतो. दहा जण शंभरांना पुरे पडावेत ही कल्पना. ‘प्लॅनेटसाइड २’नं कमी संख्येच्या सैन्याला जादा अनुभवगुण दिले. २०१८ साली ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये ‘वॉर मोड’ आला, त्यात आधी १० टक्के बक्षीस होतं. अलायन्सची माणसं कमी पडायला लागल्यावर त्यांच्यासाठी ते ३० टक्क्यांपर्यंत नेलं. वर होर्डचे २५ खेळाडू मारले तर खास इनाम. झालं काय? लोक मोठाले जथे करून आले, २५चा आकडा भरला, इनाम घेतलं, मोड बंद करून घरी गेले. इनामाला माणसं गोळा होतात, जोडीला नाही. फक्त इनामासाठी लागलेल्या कुस्तीची आपल्याकडं नूरा व्हायला वेळ लागत नाही.

त्यात घड्याळाचा प्रश्न वेगळाच. ‘गिल्ड वॉर्स २’मध्ये बरीच वर्षं सर्व्हर विरुद्ध सर्व्हर असं आठवडाभर चोवीस तास युद्ध चालायचं. कोल्हापुरात सकाळचे सहा वाजतात तेव्हा जर्मनीत मध्यरात्र उलटून गेलेली असते. म्हणजे तालमीच्या वेळेला उठणारा आपला माणूस युरोपच्या सर्व्हरवर गेला तर झोपलेल्या शत्रूचे किल्ले आरामात घेऊ शकतो. बरीच वर्षं अशा रिकाम्या किल्ल्याचे गुण रक्त आटवून घेतलेल्या किल्ल्याइतकेच मोजले जायचे. पुढे आठवड्याचे दोन-दोन तासांचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याचा निकाल वेगळा धरला. हा शहाणपणा होता. त्यांनी झोपलेल्याला बळ दिलं नाही, रात्रीच्या लुटीला मर्यादा घातली.

माझं म्हणणं एवढंच आहे. बाजू कितीही मोठी असू द्या. भिडण्याच्या जागी किती जण उभे राहणार, ते बांधून टाका.

कोल्हापूरच्या फुटबॉलकडं बघा. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचा सामना असला की शाहू स्टेडियमवर अख्ख्या पेठा लोटतात. कुणाची तालीम मोठी, कुणाच्या मागं माणसं जास्त, कुणाचा आवाज मोठा, हे सगळं गॅलरीत. रेषेच्या आत दोन्हीकडून अकराच. पेठेची लोकसंख्या मोजून धाकट्या संघाला एक गोल आगाऊ द्यावा, असं अजून कुणाच्या डोक्यात आलेलं नाही.

हे ऑनलाइनही जमतं, आणि जमलेलं आहे. ‘न्यू वर्ल्ड’मध्ये (२०२१) गावासाठीचं युद्ध ५० विरुद्ध ५०. ‘टोल बराद’मध्ये (२०१०) इकडचा एक आत गेला तरच तिकडचा एक आत. २०२३च्या ‘सीझन ऑफ डिस्कव्हरी’त लढाईच्या सर्व्हरवर फुगलेल्या बाजूला नवं पात्र काढायचं दारच बंद व्हायचं. २०१५पासून मोठ्या रांगेत ताटकळणाऱ्याला भाडोत्री होऊन दुसऱ्या बाजूनं लढायची मुभा मिळाली. यातला कुठलाच उपाय अवघड नव्हता. उशीर मात्र प्रत्येक वेळी झाला.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, मित्रांना एकत्र खेळायचं असतं, दार बंद केलं तर आठांतले दोघे बाहेर राहतील. खरं आहे. पण मग दार उघडताना आठांची टोळी एकदम आत घ्या, भाडोत्री म्हणून एकदम पलीकडं पाठवा. मैत्री सांभाळायला शत्रू संपवावा लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त मर्दानी आवाजात येतो. ‘युद्धात कुठं जोड बघतात? शिवाजी महाराजांनी बघितली?’ हा प्रश्न विचारणाऱ्यानं एकदा पन्हाळ्यावरून विशाळगडाकडं चालत जावं. १६६०च्या जुलैत बाजीप्रभू खिंडीत थांबले, मोकळ्या माळावर नाही. कारण खिंडीत शत्रू कितीही असला तरी समोर येऊन वार करू शकतात ते थोडेच. खिंड हीच तिथली पंच. खेळ बनवणाऱ्यांनी बाजीप्रभूंना तीस टक्के जादा बळ देऊन माळावर उभं केलं असतं. त्यांनी खिंड बांधायला शिकावं. आणि एक फरक विसरू नये. खऱ्या युद्धात हरणाऱ्याला घरी जायची सोय नव्हती. खेळात ती एका बटणावर आहे.

ते बटण दाबलं जाताना मी बघितलंय. एका खेळात, नाव नको, आम्ही कोल्हापूरचे नऊ जण लहान बाजूला होतो. कुणी रागावून गेलं नाही. एकाला परीक्षा आली, एकाची ड्युटी बदलली, तिसरा ‘बघतो’ म्हणाला आणि महिन्याभरानं समोरच्या बाजूला नव्या नावानं दिसला. त्याला दोष देता येत नाही. दिवसभर काम करून रात्री दीड तास मिळतो, तो रोज मार खाण्यात कोण घालवेल? शेवटी तिघे उरलो. गंमत म्हणजे पलीकडचेही वैतागले होते. जिंकायला कुणी उरलं नव्हतं.

मोठ्या बाजूच्या लोकांना म्हणून सांगणं आहे, हे दान मागणं नाही. तुमच्या विजयाला किंमत आहे ती समोरचा उभा आहे तोवर. आणि कंपन्यांना सांगणं आहे: बाजू निवडायच्या पानावर दोन्हीकडचा आजचा आकडा छापा, लढाईच्या तोंडाशी माणसं मोजा, आणि फुगलेल्याला थांबायला सांगा. ‘जोड होत नाही’ म्हणायला पंचाला लाज वाटत नाही. तुम्हाला का वाटावी?