टोचतं म्हणजे टोचतं!

आमच्या सीमाभागात 'संवेदनशील' हा शब्द फार स्वस्त झाला आहे. मिरवणूक निघायची असली, की गावातले अमुक चौक संवेदनशील ठरतात आणि तिथे पोलीस उभे राहतात. पाटीवरचा एक शब्द बदलला, तर आमच्या भावना दुखावतात. त्या खरोखर दुखावल्या की नाही, हे कुणाला पुराव्याने सिद्ध करावे लागत नाही. आम्ही म्हटले म्हणजे झाले. मग माझा साधा प्रश्न असा, की तिसरीतले एखादे पोर मानेमागे हात नेऊन 'हे टोचतंय' म्हणते, तेव्हा त्याच्याकडेच आपण पुरावा का मागतो? भावना दुखावली तर खरी आणि कातडी दुखावली तर नखरे, हा कुठला न्याय?

ज्यांना स्पर्श इतरांपेक्षा जास्त लागतो, अशा माणसांविषयी मी लिहितो आहे. कॉलरमागे शिवलेली चिठ्ठी, मोज्याच्या टोकाची शिवण, स्वेटरची लोकर, खळ दिलेल्या साडीचा काठ, बोटांना लागलेला डिंक, दुधावरची साय, ताटातली बुळबुळीत भेंडी. तुम्हाआम्हाला यांतले काही नकोसे वाटते एवढेच. त्यांना ते सोसवत नाही. अंगावर काटा येतो, पोटात ढवळते, रडू फुटते, आणि त्या एका जागेपलीकडे दुसरे काही सुचत नाही. अशा मुलाला त्या क्षणी तुम्ही तेराचा पाढा विचारलात, तर त्याला तो येत असूनही येणार नाही.

मराठीला हे कळत नाही, असे नाही. मी आयुष्यभर मराठी शिकवली. खरखरीत, खडबडीत, बोचरे, राठ, चरचरीत, चिकट, ओशट, मेणचट, गिळगिळीत, बुळबुळीत, लिबलिबीत; आणि पलीकडे मऊसूत, लुसलुशीत, तलम, मुलायम. पोताला इतके शब्द घडवणाऱ्या भाषेत आपण जन्मलो. कापडपेठेत चिमटीत पदर चोळून सूत ओळखणाऱ्या बायका आमच्याच घरांतल्या. शहापूर-वडगावच्या विणकरांच्या गल्ल्यांत बोटांच्या पारखीला किंमत आहे. तीच पारख पोराच्या मानेला असली, की एवढ्या शब्दांच्या जागी आपल्याला एकच शब्द आठवतो: 'नाटकं'.

हा नाटकाचा प्रश्न नाही, हे आता पुष्कळ कळलेले आहे. सदरा घातल्यावर थोड्या वेळात तो अंगावर आहे, हे आपण विसरतो. कारण त्वचेतून तोच तो निरोप येत राहिला, की आपली मज्जासंस्था त्याला बाजूला सारते. काहींच्या बाबतीत हे बाजूला सारणे नीट होत नाही. सकाळी आठला टोचलेली शिवण दुपारी तीनलाही तितकीच टोचत असते. ए. जीन एअर्स या अमेरिकन व्यवसायोपचारतज्ज्ञ बाईंनी १९६० च्या दशकातच अशा मुलांविषयी लिहिले आणि स्पर्शापासून स्वतःला वाचवण्याच्या त्यांच्या धडपडीला नावही दिले. २०१३ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने स्वमग्नतेच्या निकषांत संवेदनांना अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसाद देण्याचा समावेश केला. (म्हणून स्पर्श न सोसणारे प्रत्येक मूल स्वमग्न असते, असे मात्र कुणी समजू नये.) २०१६ साली हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी उंदरांवर दाखवले, की मेंदूत नव्हे, तर त्वचेकडून निरोप नेणाऱ्या मज्जापेशींत बिघाड केला, तरी प्राणी स्पर्शाला अतिसंवेदनशील होतो. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. पण 'सगळे मनाचे खेळ' म्हणणाऱ्यांनी निदान एवढे तरी लक्षात घ्यावे, की उंदराला लाडावून ठेवणारी आजी नसते!

आता आक्षेपांकडे वळू. शिक्षकांच्या खोलीत आणि पालकसभेत ते इतक्यांदा कानांवर पडतात, की मला ते पाठ झाले आहेत.

पहिला आक्षेप: 'आम्ही नाही का सोसलं?' सोसले असेल. आमच्या पिढीने घोंगडीवर झोपून, खाकी चड्डीच्या जाड्याभरड्या कापडाने मांड्या सोलवटून शिक्षण घेतले, हे खरे. पण ज्यांना सोसले त्यांनी सोसले आणि आज तेच बोलताहेत. ज्यांना सोसले नाही, ती मुले शाळा सोडून गेली, 'चिडकी' ठरली, 'तिरसट' म्हणून ओळखली गेली. त्यांची साक्ष कोण काढणार? पुरात पोहून आलेल्याने 'पूर काही फारसा नव्हता' म्हणावे, तसलाच हा युक्तिवाद आहे.

दुसरा आक्षेप: 'सवय होईल.' यात थोडे तथ्य आहे, म्हणूनच तो जास्त फसवा. मुलाच्या कलाने, त्याच्या हातात सूत्रे देऊन, हळूहळू काही गोष्टींची ओळख वाढवता येते. कोरडी माती, मग किंचित ओली, मग चिखल. जबरदस्तीने होते ती सवय नव्हे, ती धास्ती. बकोट धरून पोराचे हात डिंकात बुडवले, तर पुढच्या वेळी डिंकाच्या बाटलीआधी त्याला तुमचीच भीती वाटू लागते.

तिसरा आक्षेप फार चलाखीचा आहे. 'हे नवं सोवळंच की! याला हात लावू नका, त्याला शिवू नका.' ज्या समाजाने स्पर्शाच्या नावाखाली माणसांना शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवले, त्या समाजात हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे. उत्तरही सरळ आहे. सोवळे माणसाला नाकारते. हे मूल लोकरीला नाकारते. सोवळ्याला जात कळते. कातडीला फक्त पोत कळतो. आईने हलकेच कुरवाळलेलेही ज्याला सहन होत नाही, तो कुणाला अस्पृश्य ठरवणार? अस्पृश्यता घटनेच्या सतराव्या कलमाने नष्ट केली. ते कलम माणसाच्या प्रतिष्ठेसाठी आहे, पोरांना बळेबळे गालगुच्चे घेण्याचा परवाना म्हणून नव्हे.

चौथा आक्षेप: 'हे श्रीमंतांचे चोचले.' वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. श्रीमंताचे पोर टेरिकॉट टोचते म्हणाले, तर आई संध्याकाळपर्यंत सुती कापड आणते, शिंप्याकडून आतून अस्तर लावून घेते. ज्याला शाळेतून मिळेल तेच कापड अंगावर घालायचे आहे, ज्याच्या घरी गणवेशाचा एकच जोड आहे आणि आमच्या मुलखातल्या आषाढ-श्रावणात तो वाळतच नसल्यामुळे ओलसर चढवायचा आहे, त्याने तक्रार कुणाकडे करायची? निवड हीच चैन असते. जे निवडू शकत नाहीत, त्यांच्यासाठीच शाळेने विचार करायचा असतो.

पाचवा आक्षेप माझ्या व्यवसायबंधूंचा, म्हणून जिव्हाळ्याचा. 'एकाला सूट दिली, तर शिस्त राहणार कशी?' गणवेश कशासाठी असतो? कपड्यावरून गरीब-श्रीमंत ओळखू येऊ नये म्हणून. त्यासाठी रंग सारखा हवा. धागा सारखा कशाला हवा? त्याच रंगाचे सुती कापड चालेल, एवढे एक वाक्य सूचनाफलकावर लिहिल्याने कोणत्या शाळेचा निकाल खाली आला आहे? कवायतीत अंतर घेताना पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवण्याऐवजी हात नुसता समोर धरला, तर रांग वाकडी होते काय? ज्याला गर्दीतला धक्का सोसत नाही, त्याला रांगेच्या शेवटी उभे केले तर प्रार्थना देवापर्यंत पोचत नाही काय? चष्मा लावणाऱ्या मुलाला पुढच्या बाकावर बसवताना आपल्याला शिस्त आठवत नाही, कारण चष्मा दिसतो. हे दिसत नाही, एवढाच त्या मुलाचा अपराध.

शिवाय कायदाही वाचावा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेचा समावेश अपंगत्वाच्या यादीत केला आणि अशा मुलांसाठी शाळेने वाजवी सोय करावी, असे बजावले. सायीचा घोट गिळेपर्यंत मुलाला वर्गासमोर उभे करणे या कायद्यांत कुठे बसते, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

शाळेवर एवढे बोललो, तेव्हा घरालाही मोकळे सोडता येत नाही. हा अंक तुमच्या हातांत पडेल, तेव्हा घराघरांत दिवाळी असेल. पहाटे तेल चोपडायचे, खरखरीत उटण्याने अंग घासायचे, कढत पाणी ओतायचे आणि दुकानातून आणलेला कोरा, कांजीने ताठ झालेला, गळ्याशी जर असलेला कुर्ता अंगात घालायचा. बहुतेक मुलांना हा आनंदाचा सोहळा. पण एखादे पोर तेलाच्या ओशट हाताला पाहून न्हाणीघराच्या दारातच हंबरडा फोडते आणि मग 'सणासुदीला रडतोस?' म्हणून धपाटा खाते. उटणे दुधात कालवून मऊ केले, ते त्याचे त्यालाच लावू दिले, कुर्ता आधी दोनतीनदा धुऊन घेतला आणि आत जुना बनियन घालू दिला, तर नरकासुर काही पुन्हा जिवंत होत नाही.

मग येतात पाहुणे. 'काकांना पापा दे', 'मामींच्या मांडीवर बस'. पोर अंग चोरते. आपण त्याला पुढे ढकलतो. २०१२ च्या पोक्सो कायद्यानंतर शाळाशाळांतून सुरक्षित आणि असुरक्षित स्पर्शाचे धडे दिले जातात. नको असलेल्या स्पर्शाला मोठ्याने 'नको' म्हण, असे आम्ही वर्गात शिकवतो. आणि घरी तेच मूल 'नको' म्हणाले, की आपण त्याला उद्धट ठरवतो. मुलाने यातून नेमके काय शिकावे? 'नको' या शब्दाला घरात किंमत नसेल, तर बाहेर तो उच्चारायचे धैर्य त्याच्यात येणार कुठून? नमस्कार दुरूनही करता येतो. आपल्या संस्कृतीची ती सोयच आहे.

ही मुले मोठी होतात, तेव्हा त्रास संपतोच असे नाही. लपवण्याचे कसब मात्र वाढते. कपडा आणला की आधी कात्री शोधणारी, बसमध्ये दाराशी उभी राहणारी, काकणांचा भार न सोसणारी, म्हणून सासरी 'मिजासखोर' ठरलेली माणसे आपल्या आसपास असतात. टेम्पल ग्रँडिन या पशुविज्ञानाच्या प्राध्यापक स्वतः स्वमग्न आहेत. लहानपणी टोचरे परकर आणि अचानक मारलेल्या मिठ्या आपल्याला कशा असह्य होत, हे त्यांनी लिहून ठेवले आहे. गुरांना धरून ठेवणारा सापळा पाहून त्यांनी स्वतःसाठी दाब देणारे यंत्र बनवले. त्यात दाब किती आणि केव्हा, हे त्यांच्या हातात होते. अशा पुष्कळांना हलका, ओझरता स्पर्श खुपतो आणि सांगून केलेला, ठाम स्पर्श त्या मानाने सोसतो. 'मी तुझ्या खांद्यावर हात ठेवतो हं' एवढे म्हणायला किती वेळ लागतो?

दुसऱ्या बाजूलाही चार शब्द सुनावले पाहिजेत. मुलाच्या मोज्याची तक्रार ऐकताच महिन्याचे पॅकेज काढणारी उपचारकेंद्रे आता शहरांत दिसू लागली आहेत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ सालीच सांगितले, की याला स्वतंत्र रोगाचे लेबल लावू नये आणि या उपचारांमागचा पुरावा मर्यादित आहे, हे पालकांना स्पष्ट सांगावे. तेव्हा आधी कातडीचा विकार किंवा कापडाची ॲलर्जी नाही ना, हे पाहावे. खाणे दोनचार पदार्थांवर आले, वजन घटू लागले, शाळा बंद पडू लागली किंवा बोलणे आणि मिसळणे यांतही अडचण दिसली, तर बालरोगतज्ज्ञाकडे जावे. ते सांगतील तर व्यवसायोपचारतज्ज्ञाकडे. वायदे करणाऱ्यांकडे जाऊ नये.

परंतु चिठ्ठी कापायला कुणाचेही प्रमाणपत्र लागत नाही. मोजा उलटा घालून शिवण बाहेर घेता येते. डिंकाला बोटाऐवजी ब्रश चालतो. मातीकामाच्या तासाला शेजारी पाण्याचे भांडे आणि फडके ठेवले, की पुष्कळ हात आपणहून मातीत जातात. ताटात भेंडी वाढावी, पण ती संपेपर्यंत पहारा करू नये. या सगळ्याचा खर्च एका कात्रीचा आणि थोड्या विश्वासाचा. कात्री प्रत्येक शाळेत आहे. टंचाई आहे ती दुसऱ्या गोष्टीची, आणि ती कोणत्याही अनुदानातून मिळत नाही.

माझ्या व्यवसायबंधूंना माझी एवढीच विनंती, किंबहुना आव्हान आहे. सुट्टीनंतर शाळा उघडेल, त्या दिवशी पहिल्या तासाला वर्गात विचारा: 'कुणाला काय टोचतं?' हसू नका, तपासू नका, नुसते लिहून घ्या. ती यादी शिक्षकांच्या खोलीत लावा. आणि पुढचे पोर मानेमागे हात नेईल, तेव्हा 'मला तर काही टोचत नाही' हे आपले वाक्य गिळा. मान तुमची नाही, त्याची आहे.