‘स्ट्राँगली’ नकार देता येत नाही

हॉस्टेलच्या तक्रार वहीतलं इंग्रजी एकदा निवांत वाचाच. पाणी नाही, ‘व्हेरी बॅड’. पोळी कच्ची, ‘व्हेरी व्हेरी बॅड’. लाईट गेली, पुन्हा ‘व्हेरी बॅड’! सगळ्या रागांना मिळून एकच विशेषण. त्यातून रेक्टर सरांना कळणार काय, डोंबल?

शब्द येत नाहीत असं नाही. जीआरईची यादी पाठ करणारे प्रत्येक विंगमध्ये दोन-चार असतातच. घोडं अडतं ते जोड्यांवर. ‘ऑब्जेक्ट’ आणि ‘डिसअग्री’ला ‘स्ट्राँगली’ शोभतं, पण ‘रिफ्यूज’ला ‘फ्लॅटली’ लागतं. ‘कम्प्लेन’ला ‘बिटरली’, ‘क्रिटिसाइझ’ला ‘सिव्हिअरली’, ‘अनॲक्सेप्टेबल’ला ‘टोटली’. आणि तक्रार ‘गिव्ह’ करत नाहीत बरं का, ‘मेक’ नाहीतर ‘लॉज’ करतात. असं का, याला नियम नाही. आपल्याकडे तरी कुठे आहे? मनाई सक्त, नाराजी तीव्र, निषेध जाहीर, नकार साफ. कोणी ‘सक्त नाराजी’ म्हटलं तर आपणही हसूच ना! जे. आर. फर्थ नावाचे ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ १९२० च्या दशकात लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवायचे. शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून पटते, अशा अर्थाचं त्यांनी १९५७ मध्ये लिहून ठेवलंय. आपण मात्र शब्द सुटे सुटे घोकतो.

जीडीमध्ये उलटा प्रकार. तिथे ज्याला त्याला ‘आय स्ट्राँगली डिसअग्री’ म्हणायचं असतं, मुद्दा कितीही फुटकळ असो. त्यापेक्षा ‘आय ॲम अफ्रेड आय डोन्ट अग्री’ म्हटलं तर समोरचा चिडत नाही आणि विरोधही पोचतो. (यात घाबरण्यासारखं काय असतं ते साहेबच जाणे.)

पण मला खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. मराठी मीडियमची कित्येक पोरं चुकायच्या धास्तीने वहीला हातच लावत नाहीत. मेसच्या मीटिंगमध्ये फाडफाड बोलणाऱ्या दोघा-तिघांचं ऐकलं जातं आणि बाकीच्यांना काही तक्रारच नाही असं धरून चालतात. हे मला साफ नामंजूर आहे. कम्युनिकेशन स्किल्सच्या तासाला पत्रांचे नमुने उतरवून घेण्यापेक्षा या जोड्या घ्या. आणि तोवर तक्रार मराठीत लिहिली तरी चालेल, अशी नोटीस रेक्टर सरांनी बोर्डावर लावावी. ‘आमटीत डाळ शोधावी लागते’ एवढं तर कोणीही लिहील!