चित्रपुस्तके आणि आपले शिष्ट

मुलांच्या पुस्तकांतील चित्र म्हणजे कडू काढ्यामागून द्यावयाचा गुळाचा खडा, असा एक समज आमच्या सुशिक्षित घरांत फार दिवस मुरला आहे. मूल अक्षरे जुळवू लागले की चित्रे कमी करावीत व मजकूर वाढवावा. आणि हलती चित्रे, ज्यांस हल्ली ॲनिमेशन म्हणतात ती, तर पुस्तकाची उघड वैरीच, असे या पक्षाचे म्हणणे. हे म्हणणारे लोक विद्वान आहेत, मुलांचे हितचिंतकही आहेत. म्हणूनच त्यांच्या मताचा परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

चित्रपुस्तक आणि हलते चित्र यांत खरोखरच वैर असते, तर श्रीमती नीना सबनानी यांची कारकीर्द घडलीच नसती. बडोद्यास चित्रकला आणि अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये ॲनिमेशन शिकून त्यांनी तेथेच दीर्घकाळ अध्यापन केले. पुढे त्या मुंबईस पवईच्या आय.आय.टी.त प्राध्यापक झाल्या. फाळणीने ताटातूट केलेल्या दोन बालमित्रांची, आपल्या वडिलांच्या आठवणींवर आधारलेली गोष्ट त्यांनी 'मुकंद आणि रियाझ' या छोट्या चित्रपटात सांगितली, आणि तीच गोष्ट मुलांच्या हाती चित्रपुस्तक म्हणूनही दिली. 'टांको बोले छे' (२००९) यात कच्छमधील शिवणकाम करणाऱ्या कारागिरांनी आपली हकीकत कापड, सुई आणि दोरा यांच्या भाषेत सांगितली. तिचेही पुस्तक झाले. भिल्लांच्या चित्रकलेची जन्मकथा सांगणाऱ्या 'हम चित्र बनाते हैं' या चित्रपटास २०१६ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा मान मिळाला. एकच हात दोन्ही कामे करतो आणि एक दुसऱ्यास मारक होत नाही, उलट पोषक होते, याहून निराळा पुरावा तो कोणता हवा?

या बाईंनी राजस्थानच्या कावडीचाही अभ्यास करून त्यावर ग्रंथ लिहिला आहे. कावड म्हणजे चित्रांनी भरलेली लाकडी पेटी. तिची एकेक झडप उघडावी आणि कथा पुढे सरकावी. तिला पुस्तक म्हणावे की चित्रपट, हे आमच्या शिष्टांनीच सांगावे! आणि राजस्थानपर्यंत जावयाचे तरी कारण काय? पोथीतले एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारत सांगणारे चित्रकथी आपलेच. त्यांच्या चित्रांस पैठणचे नाव मिळाले, आणि सिंधुदुर्गातील पिंगुळी गावी ती परंपरा जोपासणारे परशुराम गंगावणे यांस २०२१ साली पद्मश्रीने गौरविण्यात आले. दादासाहेब फाळके यांनी १९१५ सालीच आगकाड्या पडद्यावर नाचविल्या. तेव्हा चित्रांतून कथा सांगणे हे काही परक्यांचे खूळ नव्हे.

आता प्रतिपक्षाची एक गोष्ट आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. मोबाइलच्या पडद्यावर जो गोंगाट मुलांच्या डोळ्यांपुढे ओतला जातो, त्यातील बराचसा टाकाऊ आहे. परंतु टाकाऊ कादंबऱ्या ढिगाने निघतात म्हणून कादंबरीच नको, असे कोणी म्हणत नाही. गोंगाटावर उतारा चांगल्या चित्रांचाच. चित्रे हिरावून घेण्याचा नव्हे.

आणि हा वाद केवळ अभिरुचीचा असता, तर आम्ही इतकी शाई खर्चिली नसती. बीड शहरानजीक, बिंदुसरा धरणालगत पाली नावाचे गाव आहे. या जिल्ह्यातून दरसाल दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मागे सांभाळणारे कोणी नसेल तर मुलेही बरोबर जातात, आणि शाळेचे निम्मे वर्ष उसाच्या फडात सरते. पालीसारख्या गावच्या शाळेत असे मूल उन्हाळ्याच्या तोंडी परतते, तेव्हा अक्षरओळख पुसट झालेली असते. त्याच्यापुढे 'वयानुरूप', दाट मजकुराचे, चित्रांचा मोह टाळलेले पुस्तक ठेवणे म्हणजे दार लावून घेऊन 'आत ये' म्हणणे होय. चित्रपुस्तक मात्र ते पहिल्या पानापासून वाचू शकते. कोपीत त्याची आई निरक्षर असली तरी तीही त्याच्याबरोबर वाचू शकते. तिने सांगितलेली गोष्ट कदाचित छापलेल्या गोष्टीहून सरस उतरेल. शिष्टांचे मत मानले तर हानी व्हायची ती या मायलेकरांची. ज्यांच्या घरी कपाटे भरली आहेत त्यांची नव्हे.

मराठीत ही विद्या नाही असेही नाही. लेखन आणि चित्रे दोन्ही एकाच हाताने करणाऱ्या श्रीमती माधुरी पुरंदरे यांस साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१४ साली मिळाला. परंतु पुरस्काराने पुस्तक पालीस पोहोचत नाही. ते कोणी तरी विकत घेऊन पोहोचवावे लागते. आमच्या वाचकांनी मुलांच्या वाढदिवसास एक चित्रपुस्तक घरासाठी घ्यावे आणि दुसरे अशा एखाद्या शाळेस पाठवावे. मग चित्रांनी मुले बिघडतात की वाचू लागतात, याचा निकाल ती मुलेच देतील.